जोखीम कुणाच्या पदरात?

ऑक्टोबर २००३ मध्ये वॉशिंग्टनला एक आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली. त्या कार्यक्रमापायी जो कार्बन हवेत जाणार होता, त्याची भरपाई करायची असं जागतिक बँकेने ठरवलं, आणि त्यासाठी तिने निवडलं ते आता तेलंगणात असलेल्या, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनूर मंडलातलं पॉवरगुडा. मोजक्या गोंड कुटुंबांची ही वस्ती. तिथल्या बायकांच्या बचत गटांनी करंजाची लागवड केली होती. करंजाच्या बियांचं तेल डिझेलऐवजी जाळलं, तर १० वर्षांत १४७ टन कार्बन डायऑक्साइड वाचेल असा हिशेब मांडला गेला. गावाच्या पाठीशी हैदराबादजवळच्या पाटनचेरूची इक्रिसॅट ही शेती संशोधन संस्था आणि उटनूरची आदिवासी विकास यंत्रणा होती. बँकेने या १४७ टनांचे ६४५ डॉलर गटांना दिले. त्या वेळच्या दराने ही रक्कम तीस हजार रुपयांच्या आतबाहेर होते. म्हणजे टनामागे साडेचार डॉलरही पडले नाहीत. आदिवासी बायकांनी जागतिक बँकेला कार्बन विकला म्हणून या व्यवहाराचं बरंच कौतुक झालं. त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र रकमेत नव्हती, क्रमात होती. पैसे आधी आले आणि तेल पुढच्या १० वर्षांत निघायचं होतं. मधल्या काळात झाडं वाळली असती, तर त्या ६४५ डॉलरची झळ पैसे मोजणाऱ्याला बसली असती, बायकांना नव्हे. आंतरराष्ट्रीय विकासनिधीच्या व्यवहारात असा क्रम क्वचितच दिसतो. या लेखाचा सगळा मुद्दा त्या क्रमाचाच आहे.

गेल्या दहा-बारा वर्षांत विकासाच्या पैशाबद्दलची जागतिक भाषा बदलली. जुलै २०१५ मध्ये आदिस अबाबाला विकासाच्या वित्तपुरवठ्यावर तिसरी आंतरराष्ट्रीय परिषद झाली. श्रीमंत देशांची सरकारी मदत अब्जांत आहे, गरज मात्र लाखो कोटींची आहे, म्हणून सरकारी पैसा खासगी भांडवल ओढून आणण्यासाठी वापरायचा, असं धोरण त्या सुमारास पुढे आलं. सरकार किंवा देणगीदार संस्था आपला थोडा पैसा पुढे करून पहिला तोटा सोसायची तयारी दाखवते, मग त्या आधारावर बँका, कंपन्या आणि गुंतवणूकदार आत येतात, अशी ही कल्पना. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी सतराव्या उद्दिष्टात सार्वजनिक-खासगी भागीदारीचा उल्लेखही आहे. प्रत्यक्षात काय घडलं? लंडनच्या ओव्हरसीज डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये याचा हिशेब मांडला. विकासबँकांच्या एका डॉलरमागे सरासरी पाऊण डॉलर खासगी भांडवल येतं आणि सर्वांत गरीब देशांत तर फक्त ३७ सेंट, असं त्यांना आढळलं. जिथे गरज जास्त तिथे खासगी पैसा कमी, हे त्या आकड्यांतून स्पष्ट दिसतं. पण त्यातून ‘भागीदारी फोल आहे’ असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. भागीदारीच्या प्रत्येक करारात नुकसान कुणी सोसायचं हे कुठेतरी लिहिलेलं असतं, आणि ते वाचल्याशिवाय तिच्या यशापयशाबद्दल काही बोलता येत नाही. आदिलाबादमध्ये असे निरनिराळे करार अगदी शेजारीशेजारी पाहायला मिळतात.

पैनगंगा ओलांडून यवतमाळातून आदिलाबादेत शिरलं, तर माणसांचं बोलणं फारसं बदलत नाही. बेला, जैनद, तामसी या मंडलांत मराठी घरोघरी आहे. गोंड, कोलाम, परधान, आंध या समाजांचे सोयरसंबंध नदीच्या दोन्ही तीरांवर आहेत. काळी जमीन तीच, कोरडवाहू कापूस तोच, बोंडअळीही तीच. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार तुकडे झाले. त्यांतलं आसिफाबाद केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, म्हणजे विकासात मागे राहिलेलं. या भागाचा मोठा हिस्सा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो. १९५९ चा जमीन हस्तांतरणाचा कायदा आणि त्यातली १९७० ची दुरुस्ती यांमुळे तिथली जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर होऊ शकत नाही. हा कायदा हवाच. त्याच्याविना गोंडांच्या हाती आज किती जमीन उरली असती, याचा विचारही नको वाटतो. पण त्याचा एक परिणाम असा, की ज्या जमिनीचा लिलाव सहज होत नाही तिच्या तारणावर खासगी सावकारी भांडवल कर्ज द्यायला बिचकतं. तेव्हा आदिलाबादसारख्या ठिकाणी खासगी पैसा आणायचा, तर कुणीतरी हमी घ्यायलाच हवी. प्रश्न इतकाच, की हमी कुणाला द्यायची.

हमी देणं सरकारला जमतं, याचा पुरावा जिल्ह्याच्या मधोमध पसरलेला आहे. नागपूर-हैदराबाद महामार्ग, जुना क्रमांक ७ आणि आताचा ४४, हा श्रीनगर-कन्याकुमारी या उत्तर-दक्षिण मार्गाचा भाग. राष्ट्रीय महामार्ग विकास कार्यक्रमाला पैसा आला तो पेट्रोल-डिझेलवरच्या उपकरातून, जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेच्या कर्जांतून आणि खासगी कंत्राटदारांच्या भांडवलातून. या महामार्गाचा इस्लामनगर ते कडथाल हा टप्पा ॲन्युइटी पद्धतीने झाला. या पद्धतीत कंपनी स्वतःचं भांडवल आणि कर्ज घालून रस्ता बांधते, सांभाळते, आणि महामार्ग प्राधिकरण तिला दर सहा महिन्यांनी ठरलेली रक्कम देतं. रस्त्यावरून रोज पन्नास ट्रक गेले काय किंवा पाच हजार गेले काय, हप्ता तोच. वाहतूक कमी होण्याची जोखीम सरकारने पूर्णपणे स्वतःकडे घेतलेली असते. त्यात गैर काही नाही. वाहतूक किती वाढेल हे कंत्राटदाराच्या हातात नसतं. रस्ता नीट ठेवणं त्याच्या हातात असतं, आणि रस्ता वापरण्याजोगा नसेल तर हप्त्यात कपातही होते. जे ज्याच्या हातात नाही त्याचं नुकसान त्याच्या माथी मारायचं नाही, हे तत्त्व इथे चोख पाळलेलं आहे. मला ते योग्य वाटतं, आणि म्हणूनच त्याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या कापसाच्या शेतांत ते का पाळलं जात नाही, असा प्रश्न पडतो.

कापसातल्या भागीदारीचं इथलं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे चेतना ऑरगॅनिक. २००४ मध्ये सॉलिडरिडाड आणि इक्को या नेदरलँड्समधल्या संस्थांच्या पुढाकाराने आणि पैशाने आदिलाबाद, करीमनगर या भागांत आणि आपल्या विदर्भात सेंद्रिय आणि फेअरट्रेड कापसाचं काम सुरू झालं. पुढे ओडिशातले कालाहंडी, बोलांगीर हे भाग जोडले गेले. शेतकऱ्यांची स्वतःची उत्पादक कंपनी उभी राहिली आणि परदेशातले खरेदीदार आले. देणगीदाराचा पैसा, शेतकऱ्यांची कंपनी आणि कापडाचे ब्रँड अशी ही तिहेरी गाठ. काम मनापासून झालं आहे आणि त्याने काही हजार घरांचा विषारी फवारणीवरचा खर्च कमी केला, हे आधी मान्य करायला हवं. आता एका शेतकऱ्याच्या जागी उभं राहून हा करार पाहू. सेंद्रिय प्रमाणपत्र मिळण्याआधी दोन ते तीन वर्षं रूपांतराची असतात. त्या काळात रासायनिक खत बंद, त्यामुळे बहुधा उतारा घटतो. पण कापूस ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही, तो बाजारभावानेच द्यावा लागतो. भारतात २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत जवळजवळ सगळं क्षेत्र त्याखाली गेलं. सेंद्रियात बीटी चालत नाही, त्यामुळे बिगर-बीटी बियाणं शोधण्यापासून तयारी. शेजारच्या बीटीच्या वावरातून परागकण आले, वेचणीत बोंडं मिसळली किंवा जिनिंगच्या यंत्रात आधीच्या लॉटची रुई उरली, तर तपासणीत माल नापास होतो. शेतकऱ्याने दशपर्णी अर्क वेळेवर फवारला, वही नीट लिहिली, तरी माल नाकारला जाऊ शकतो. फेअरट्रेडचा विकासनिधी सरकीसह कापसाच्या किलोमागे पाच युरो सेंट, म्हणजे क्विंटलमागे पाच युरो, आणि तो गटाच्या सामाईक कामासाठी असतो. घरातल्या तुटीसाठी नसतो. ब्रँड मागणी नोंदवतात ती बहुधा हंगामापुरती. प्रशिक्षण, प्रमाणपत्र, कर्मचारी यांचा खर्च देणगीदाराने उचलला, बाजाराचा संपर्क ब्रँडने आणला. पण पावसाची, किडीची, भेसळीची आणि रूपांतराच्या वर्षांतल्या तुटीची जोखीम शेतकऱ्याकडेच राहिली. ती त्याच्या हातात नसलेल्या गोष्टींची होती. शिवाय २०२० पासून काही हंगाम तेलंगणा पंतप्रधान पीकविमा योजनेच्याही बाहेर होता, तर नदीपलीकडे यवतमाळात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याला एक रुपयात विमा मिळू लागला होता. एकाच काळ्या मातीवर, एकाच पावसाखाली, नुकसान कुणी भरून द्यायचं याची उत्तरं अशी निराळी होती.

कर्जाच्या क्षेत्रात तर हा फरक आकड्यांत आणि माणसांच्या जिवात मोजला गेला. २००० मध्ये जागतिक बँकेच्या ११.१ कोटी डॉलरच्या मदतीने तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशच्या सहा सर्वांत गरीब जिल्ह्यांत ‘वेलुगु’ हा कार्यक्रम सुरू झाला, आणि त्या सहांत आदिलाबाद होता. बायकांचे बचत गट, गटांची ग्रामसंघटना, तिच्यावर मंडलाचा संघ अशी रचना उभी राहिली. गुंतवणूक निधी थेट या संस्थांच्या खात्यात जाई, त्या तो आपसांत कर्जाने फिरवत, आणि तो इतिहास पाहून सरकारी बँका पुढचं कर्ज देत. पुढे राज्य सरकारने वेळेवर फेडणाऱ्या गटांसाठी वार्षिक तीन टक्क्यांच्या वरचं व्याज स्वतः उचलायला सुरुवात केली. लोक त्याला पावला वड्डी म्हणत, म्हणजे दरमहा शेकडा पावली व्याज. याच काळात दुसरा मार्गही रुंदावत होता. सिडबीच्या सूक्ष्मकर्ज कार्यक्रमाला ब्रिटन सरकारचा आणि आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचा पैसा मिळाला होता, आणि त्यातून खासगी सूक्ष्मवित्त कंपन्या वाढल्या. सार्वजनिक पैशाने खासगी भांडवलाला वाट करून द्यायची, या धोरणाचं हे भारतातलं सर्वांत मोठं यश मानलं जात होतं. २०१० च्या पावसाळ्यात एसकेएस मायक्रोफायनान्सचे शेअर बाजारात आले आणि मागणी कित्येक पटींनी जास्त आली. पण या कंपन्यांच्या कर्जात जोखीम होती ती गटातल्या बायकांची. एकीचा आठवड्याचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. गुंतवणूकदाराचा नफा वाढत गेला तो एकाच बाईला तीन-तीन कंपन्यांची कर्जं देऊन. आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या, आणि १५ ऑक्टोबर २०१० रोजी राज्याने वटहुकूम काढला. कंपन्यांनी जिल्ह्यात नोंदणी करायची, आठवड्याऐवजी महिन्याचा हप्ता घ्यायचा, घरी जाऊन वसुली करायची नाही. राज्यातली वसुली काही महिन्यांत कोसळली. मग रिझर्व्ह बँकेची मालेगाम समिती आली आणि बँकेने अशा कंपन्यांसाठी वेगळे नियम केले. वेलुगुच्या गटांतही दोष होते. पुढाऱ्यांचा हस्तक्षेप होता, अगदी गरीब बाई अनेकदा गटाबाहेरच राहिली, आणि कंपन्यांच्या अतिकर्जाचा फटका या गटांच्या फेडीलाही बसला. तरी तिथे पैसा कुणाला, किती, कोणत्या अटीवर हे ठरवणाऱ्या बायकाच होत्या, आणि व्याजाचा भार सरकारने वाटून घेतला होता. म्हणून तो पाया टिकला आणि पुढे देशभरच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाला त्याचाच नमुना मिळाला.

यावर पहिला आक्षेप व्यावहारिक असतो. खासगी भागीदारावर जोखीम टाकली तर तो येणारच नाही, आणि आदिलाबादसारख्या ठिकाणी तर मुळीच नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. राजस्थानात भिलवाडा जिल्ह्यात २०१५ ते २०१८ दरम्यान एज्युकेट गर्ल्स या संस्थेच्या कामासाठी ‘विकास परिणाम रोखा’ काढला गेला. यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने २ लाख ७० हजार डॉलर आधी घातले. मुली शाळेत आल्या आणि मुलांचं शिकणं सुधारलं, असं त्रयस्थ मोजणीत दिसलं, तरच चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशनने ते परतावा धरून फेडायचे होते. काम फसलं असतं तर नुकसान गुंतवणूकदाराचं, गावाचं नाही. लक्ष्यं ओलांडली गेली आणि गुंतवणूकदाराला १५ टक्के परतावा मिळाला. म्हणजे जोखीम घ्यायला तयार भांडवल असतं. तशी अट कुणी घालत नाही, एवढंच. अशा करारांची आखणी आणि मोजणी महाग पडते हे खरं आहे. पॉवरगुड्याच्या १४७ टनांची पडताळणी जर बायकांना स्वतःच्या खर्चाने करायची असती, तर ६४५ डॉलर त्यातच संपले असते. तो खर्च एका गावाने नव्हे, संशोधन संस्थांनी किंवा जिल्हा यंत्रणेने शेकडो गावांसाठी एकदाच उचलायचा. सार्वजनिक पैशाचं खरं काम तेच आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. ही सगळी भानगड हवी कशाला, सरकारने सरळ आपल्या पैशाने करावं. या म्हणण्याच्या बाजूने सबळ पुरावा आहे. आफ्रिकेतल्या लेसोथोने राजधानी मासेरूत जागतिक बँक समूहाच्या सल्ल्याने भागीदारीतून इस्पितळ बांधलं. ते २०११ मध्ये सुरू झालं. २०१४ मध्ये ऑक्सफॅमने म्हटलं, की देशाच्या आरोग्य अंदाजपत्रकाचा निम्म्याहून अधिक वाटा त्या एका इस्पितळावर जातो. हा आकडा वादग्रस्त ठरला, पण शेवटी २०२१ मध्ये सरकारने करार मोडला. इस्पितळ, शाळा, पाणी यांत मी सरकारच्याच बाजूने आहे. कापसाचं मात्र तसं नाही. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय ही सरकारी संस्था, हमीभावाने कापूस घेते तेव्हा ओलावा आठ टक्क्यांवर गेला की भाव कापते आणि बाराच्या वर गेला की घेतच नाही. ती कापसाची प्रत मोजते, तो कसा पिकवला हे मोजत नाही. विषमुक्त कापसाला जास्त दाम देणारा ग्राहक ॲमस्टरडॅम किंवा ओसाकात बसलेला असेल, तर तिथवर सरकारचा हात पोचत नाही, व्यापाऱ्याचा पोचतो. म्हणून इथे भागीदारी हवी, पण ॲन्युइटीसारखी, ज्याच्या हातात जे आहे त्याचीच जबाबदारी त्याच्यावर टाकणारी.

तसा करार लिहिणं अवघड नाही. रूपांतराच्या वर्षांतली तूट देणगीदाराच्या निधीतून भरायची. ब्रँडने एका हंगामाची नव्हे, किमान पाच वर्षांची खरेदी आणि किमान भाव बांधून द्यायचा. भेसळीने माल नापास झाला तर तो साध्या भावाने विकून फरक सामाईक निधीतून द्यायचा. करार तेलुगू, मराठी आणि गोंडीत वाचून दाखवून ग्रामसभेपुढे ठेवायचा. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विकास योजनांना मान्यता देण्याचा अधिकार दिलेलाच आहे. वाटेत एक नवी अडचण आहे. सप्टेंबर २०२० मधल्या परकीय देणगी कायद्याच्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा घेणारी संस्था तो दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. हैदराबादच्या मोठ्या संस्थेने घेऊन उटनूरच्या छोट्या संस्थेला द्यायचा, ही जुनी साखळी त्यामुळे तुटली. म्हणून निधी थेट शेतकऱ्यांच्या कंपनीकडे किंवा बायकांच्या संघाकडे, गुंतवणूक किंवा खरेदीचा आगाऊ दाम म्हणून, कायद्याच्या चौकटीत जावा लागेल. हे झालं तर कदाचित बरंच होईल. मधले हात कमी होतील.

शेवटचा आक्षेप नेहमीचा आहे. तूट भरून मिळणार म्हटल्यावर शेतकरी शेताकडे लक्ष देईल कशाला? हा प्रश्न महामार्गाच्या कंत्राटदाराला कुणी विचारला नाही, कारण त्याच्या करारात रस्त्याची तपासणी आणि कपातीची अट होती. सेंद्रिय गटातही तपासणी असते. गट प्रमाणीकरणात प्रत्येक सभासदाची वही असते. कोणत्या तारखेला काय पेरलं, काय फवारलं, किती वेचलं, शेजारच्या वावरात काय होतं, हे त्यात लिहिलेलं असतं. गटाचा निरीक्षक शेतावर येऊन ती पडताळतो आणि वर प्रमाणन संस्था नमुन्याने पुन्हा तपासते. वही नीट असेल तर भरपाई, नसेल तर कपात, एवढं कलम पुरेसं आहे. आजवर ही वही शेतकऱ्याला पात्र-अपात्र ठरवण्यासाठीच वापरली गेली. तिच्या बदल्यात खरेदीदाराने आणि देणगीदाराने काय द्यायचं, हे कलम पुढच्या करारात शेतकऱ्यांच्या कंपनीने मागून घ्यायचं आहे, आणि ते मिळेपर्यंत सही करायची नाही.